फुकटचा बंब

दिवाळी अंकात आगीविषयी लिहू नये, असा काही संकेत असल्यास मला ठाऊक नाही. असलाच तर संपादकांची क्षमा मागून मी तो मोडतो. वर्षातून चार दिवस आपण दारात पणत्या लावतो, अंगणात फटाके उडवतो, शेगडीवर तेलाची कढई चढवतो, आणि सगळे सुखरूप पार पडले की देवाचे आभार मानतो. देवाचे आभार मानायला माझी हरकत नाही. पण माझ्या घरी आग लागली तेव्हा देव आला नव्हता, आमच्याकडे नळदुरुस्तीला येणारा माणूस आला होता. त्याचे ऋण काय आहे हे उमगायला मला सोळा वर्षे लागली, आणि माझ्या कित्येक मराठी बांधवांना त्यासाठी अजून सवड झालेली नाही. त्यांच्याशी मला आज भांडायचे आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना भांडण उकरून काढतो म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी रागावू नये.

मी मूळचा दादरचा. १९८४ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलो आणि फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेला, रेल्वेच्या जुन्या मार्गावर वसलेल्या एका उपनगरात घर घेऊन राहिलो. टुमदार गाव, मोठी झाडे, उत्तम शाळा. शाळा उत्तम म्हणूनच आम्ही तिथे गेलो हे काही वेगळे सांगायला नको. गावाच्या मध्यावर विटांची एक दुमजली इमारत होती आणि तिच्या दारावर ‘फायर कंपनी’ असे कोरलेले होते. कंपनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ईस्ट इंडिया कंपनी उभी राहते, नाहीतर शेअर बाजार. मलाही वाटले, अमेरिकाच ही, इथे आग विझवण्याचाही कोणी धंदा काढला असेल. पहिली बारा वर्षे मी त्याच समजुतीत काढली. दर वर्षी वसंत ऋतूत त्या कंपनीचे एक पत्र येई, सोबत देणगीचे कोरे पाकीट असे. पिझ्झाच्या जाहिराती आणि गालिचे धुणाऱ्यांची पत्रके ज्या टोपलीत जात, त्याच टोपलीत ते पाकीटही जाई. रात्री-अपरात्री त्या इमारतीवरचा भोंगा वाजला की मी कुशीवर वळत असे आणि ‘झोप मोडली मेल्यांनी’ असे म्हणत असे. हे मी लपवून ठेवीत नाही. ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्यात पहिला नंबर माझाच आहे.

१९९६ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. आई त्या वर्षी प्रथमच आमच्याकडे आली होती आणि नातीला घरच्या चकल्या खाऊ घालायच्या या निश्चयाने तिने भाजणीचे पीठ विमानातून आणले होते. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. आई बैठकीच्या खोलीत सोऱ्या घेऊन बसली होती, सौभाग्यवती कढईपाशी होत्या. एवढ्यात पुण्याहून फोन आला. त्या काळात पुण्याचा फोन म्हणजे मिनिटाला पैसे मोजण्याचे काम, तेव्हा सगळे टाकून धावणे आलेच. कढई तशीच राहिली. मी स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा तेलाने पेट घेतला होता. मी इंजिनियर माणूस. पदवीचा कागद भिंतीवर टांगलेला. मी काय केले असेल? मी नळाखाली भांडे भरले आणि कढईत पाणी ओतले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे ज्ञान फुकट मिळालेले बरे. पेटलेले तेल पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी पुढे गेलेले असते. पाणी जड, ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल कारंज्यासारखे वर उडवते. करायचे ते एवढेच की शेगडी बंद करावी, कढईवर झाकण सारावे आणि ती गार होईतो त्या झाकणाला हात लावू नये. आई बाहेरून ओरडत होती, “झाकण घाल रे, झाकण!” चौथी शिकलेल्या बाईला जे ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते. भडका उडाला, वरची लाकडी कपाटे पेटली, पडदा पेटला. आम्ही चौघे अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर थंडीत येऊन उभे राहिलो. शेजारणीने फोन केला. भोंगा वाजला. त्या रात्री मी त्याला शिवी दिली नाही.

काही मिनिटांत बंब आला. त्याच्या मागोमाग, आणि काही त्याच्या आधीही, साध्या मोटारी येऊन थांबल्या. टपावर निळे दिवे लुकलुकत होते. मोटारीतून उतरलेले लोक तिथेच रस्त्यावर जाड डगले चढवू लागले. त्यांतला एक माणूस माझ्याजवळ आला आणि आत कोणी राहिले आहे का, असे त्याने विचारले. शिरस्त्राणाखालचा चेहरा पाहून आई मराठीतच म्हणाली, “अरे, हा तर आपला बंब दुरुस्त करायला आला होता तो!” खरेच होते. दोनच महिन्यांपूर्वी त्याने आमच्या तळघरातला पाणी तापवण्याचा बंब बदलून दिला होता आणि त्याचे बिल जास्त झाले म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घातली होती. हा नळवाला, बँकेत नोटा मोजणारा एक गृहस्थ, कॉलेजात जाणारे दोन पोरगे आणि एक शाळामास्तर. घर वाचले. स्वयंपाकघर गेले.

त्यांनी नळ्या गुंडाळायला घेतल्या तेव्हा आईने मला बाजूला घेतले.

“यांना पगार किती रे मिळतो?”

“काही नाही, आई. शेजारीण म्हणते, फुकट करतात.”

“फुकट? मग येतात कशाला?”

मला उत्तर देता येईना. आईने आधीच्या घाण्यातल्या, बैठकीत आणून ठेवलेल्या आणि त्यामुळे वाचलेल्या चकल्या एका पिशवीत भरल्या आणि त्या नळवाल्याच्या हातात दिल्या. त्याने काजळीच्या हातांनी एक मोडून तोंडात टाकली आणि बाकीच्या बंबावर बसलेल्या पोरांकडे फेकल्या. पुढच्या आठवड्यात मी कंपनीच्या नावाने पंचवीस डॉलरचा चेक पाठवला आणि हिशेब मिटला असे समजून स्वस्थ झालो.

आईचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. ‘मग येतात कशाला?’ पुढे केव्हातरी त्याचे उत्तर शोधायला मी पुस्तकांकडे वळलो. ते उत्तर मला वाटले होते तितके गोड निघाले नाही.

फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर १७३० साली मोठी आग लागली आणि विटा-लाकडांचे हे वाढते शहर एका ठिणगीवर उभे आहे याची लोकांना जाणीव झाली. पुढे पाच वर्षांनी बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या छापखानेवाल्याने आपल्या वृत्तपत्रात आगीपासून बचावाविषयी लिहिले आणि ७ डिसेंबर १७३६ रोजी युनियन फायर कंपनी स्थापन झाली. सभासद तीस. ‘कंपनी’ याचा अर्थ इथे सोबत. प्रत्येकाने स्वखर्चाने ठरावीक कातडी बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या घरात तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी, पिशव्या जळत्या घरातले सामान भरून बाहेर काढण्यासाठी. महिन्यातून एकदा एकत्र बसायचे, खायचे-प्यायचे, आगीविषयी बोलायचे. जो येणार नाही त्याला दंड. त्या दंडाच्या पैशातून पुढे बंब, शिड्या, आकडे विकत घेतले गेले. तीस भरल्यावर लोक आणखी येऊ लागले तेव्हा फ्रँकलिनच्या मंडळींनी त्यांना आपापली वेगळी कंपनी काढायला सांगितले, आणि पाहता पाहता शहरात कंपन्यांची साखळी तयार झाली. १७५२ साली याच मंडळींनी आगीच्या विम्याची संस्था काढली. तिची खूण म्हणजे एकमेकांची मनगटे धरलेले चार हात. फिलाडेल्फियातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर ती शिशाची खूण अजून दिसते.

वाचकहो, यात भूतदया कुठे आहे? यात करार आहे. तुझे जळेल तेव्हा मी येईन, माझे जळेल तेव्हा तू यायचे, आणि आला नाहीस तर दंड भर. आपल्याकडे स्वयंसेवक म्हटले की आपण लगेच हात जोडतो, त्याच्या गळ्यात हार घालतो, त्याला त्यागमूर्ती करतो आणि मग सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. मूर्तीची पूजा करायची असते, तिच्या शेजारी उभे राहायचे नसते, ही आपली सोय आहे. माझे पहिले भांडण या हार घालणाऱ्यांशी आहे. आमच्या मंडळात एकदा असा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. नारळाचे करायचे काय हे त्या बिचाऱ्या कॅप्टनला कळेना. त्याने भाषणात अगदी साध्या शब्दांत सांगितले की आम्हाला माणसे कमी पडतात, सोमवारी संध्याकाळी सराव असतो, या. पुन्हा टाळ्या. त्या सोमवारी आमच्यापैकी एकही गेला नाही. मीही गेलो नाही.

आणि ज्यांना या कंपन्या म्हणजे पुण्याचे आगर वाटते त्यांनी त्यांचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास वाचावा. शहर वाढले तशा या कंपन्या धर्माच्या, पक्षाच्या आणि दंडेलीच्या टोळ्या झाल्या. आगीवर आधी कोण पोहोचतो यावरून रस्त्यात मारामाऱ्या होत आणि घर आपले जळतच राही. न्यूयॉर्कमध्ये ट्वीड नावाचा गृहस्थ अशाच एका कंपनीचा नायक म्हणून पुढे आला, आणि त्याने ते शहर कसे लुटले हे जगाला ठाऊक आहे. फिलाडेल्फियात १८१८ साली काळ्या नागरिकांनी आपली स्वतंत्र अग्निशामक संस्था काढायचे ठरवले, तर गोऱ्या कंपन्यांनी असा गहजब केला की अखेर काळ्या समाजातल्या पुढाऱ्यांनाच तो बेत सोडून द्या असे आपल्या लोकांना सांगावे लागले. त्याहून काळीकुट्ट रात्र १७ मे १८३८ ची. गुलामगिरीच्या विरोधकांनी सभांसाठी बांधलेले पेनसिल्व्हेनिया हॉल उघडून चार दिवस झाले नव्हते. जमावाने ते पेटवले. बंब आले, आणि बंबवाल्यांनी आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारले. त्या हॉलवर मारले नाही. ते जळून राख झाले.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. हातात नळी आहे, समोर आग आहे, आणि आत कोणाचे काय जळते आहे हे पाहून नळीचे तोंड वळते! शेजारधर्माची हद्द कोण ठरवतो, हा प्रश्न त्या रात्री त्या गावापुढे उभा होता आणि गावाने त्याचे लाजिरवाणे उत्तर दिले.

म्हणून शहरांनी ही पद्धत मोडली यात नवल नाही. वाफेचा बंब आला. दांडा खालीवर करणाऱ्या डझनावारी हातांचे काम एक बॉयलर करू लागला. सिनसिनाटीने १८५३ साली पगारी दल उभे केले, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये, फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये. इथे ही कथा संपायला हवी होती. पण त्याच सुमारास रेल्वेमुळे शहराबाहेर उपनगरे वसू लागली. घरे मोठी, वस्ती विरळ, कर थोडा, आणि शहराचा बंब पाच-दहा मैल लांब. शहराने टाकून दिलेली जुनी पद्धत उपनगराने उचलली, धुऊन-पुसून घेतली आणि पुन्हा वापरात आणली. आमच्याच मार्गावर आर्डमोरची मेरियन फायर कंपनी १८८९ ची. वेन गावची रॅडनॉर फायर कंपनी १९०६ ची, आणि तिने तर त्याच वर्षी घोडे टाळून पेट्रोलवर चालणारा बंब घेतला. एक इंजिन चाके फिरवायला आणि दुसरे पंप चालवायला. अमेरिकेतल्या अशा पहिल्या बंबांत त्याची गणना होते. मोटारगाडी हीच जिथे अजून नवलाची वस्तू होती, तिथे उपनगरातल्या हौशी लोकांनी एवढे धाडस केले.

पैसे कुठून आले? जत्रा भरवून, नाचाची तिकिटे विकून, रविवारी सकाळी धिरडीवजा पॅनकेक करून. बंबखान्याच्या माडीवरच्या दिवाणखान्यात गावातली लग्ने लागली, बाराव्याची जेवणे झाली. बायकांचे वेगळे मंडळ असे. त्या रात्री दोन वाजता आगीच्या जागी कॉफी आणि सँडविच पोचवीत, आणि नळीला हात लावण्याचा अधिकार मात्र त्यांना कित्येक दशके मिळाला नाही. काळ्यांना, नवागतांनाही पुष्कळ ठिकाणी दार बंद होते. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मीही हार घालणाऱ्यांत जमा होईन.

आता दार उघडे आहे. सताड उघडे आहे. बाहेर पाटी लावलेली आहे: स्वयंसेवक पाहिजेत. ज्यांना हाकलून लावले त्यांनी दोनशे वर्षे आत येण्यासाठी झगडावे आणि ज्यांना हाका मारून बोलावतात त्या आम्ही मंडळींनी मोटारीच्या काचा वर करून पुढे निघून जावे!

माझे दुसरे भांडण ‘आम्ही कर भरतो’ म्हणणाऱ्यांशी आहे. हे वाक्य मी इतक्या दिवाणखान्यांत ऐकले आहे की त्याला आता चिवड्याचा वास येतो. भरता, कबूल. पण तो कुठे जातो हे त्या बिलावर छापलेले असते, ते कधी वाचलेत का? आमच्या भागात घरपट्टीतला सर्वांत मोठा वाटा शाळांकडे जातो, त्याच शाळांकडे, ज्यांच्यासाठी आपण तिथे घरे घेतली. गावाकडे उरतो तो थोडा, आणि त्यातून बंबाला मिळतो तो त्याहून थोडा. नवा बंब घ्यायचा तर पाच लाख डॉलरच्या वर पैसे पडतात. बाकीचे कोण देतो? पत्र आणि पाकीट. ते पाकीट कुठल्या टोपलीत जाते ते मी वर सांगितलेच आहे.

कोणी म्हणेल, मग पगारी दल ठेवा. अवश्य ठेवा! पगारी माणूस कमी शूर असतो असे म्हणणाऱ्याने मुंबईचा इतिहास वाचावा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा मुंबईच्या दलाचे ६६ जवान गेले. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी गेले, खुद्द दलाचे प्रमुख त्यांत होते. तेव्हा पगाराविषयी माझे भांडण नाही. ज्याला पगारी दल हवे त्याने सभेत उठून ‘माझा कर वाढवा’ असे म्हणावे. तसे म्हणणाराही मला आमच्यात भेटलेला नाही. कर वाढवायचा नाही, पाकीट उघडायचे नाही, सोमवारी जायचे नाही, आणि भोंगा वाजला की झोपमोड झाली म्हणून कुरकुरायचे. म्हणजे मग यायचे कोणी?

हा प्रश्न माझा नव्हे. तो मला माझ्या मुलीने विचारला होता.

आमच्या राज्यात चौदा वर्षांच्या मुलांनाही या कंपन्यांत उमेदवार म्हणून घेतात. त्यांना आगीत जाऊ देत नाहीत. नळ्या गुंडाळणे, बाटल्या भरून ठेवणे, हत्यारे ओळखणे, एवढेच काम. २००० साली मुलगी सोळा वर्षांची होती. ती अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी नाही म्हणालो. परीक्षा जवळ आल्या आहेत, डॉक्टर व्हायचे आहे ना, मुलींचे हे काम नव्हे, आपले लोक काय म्हणतील. जेवढी कारणे बापाच्या पोतडीत असतात तेवढी सगळी मी एकामागून एक काढली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, मग त्या रात्री आपल्या घरी कोणी यायला हवं होतं?”

मी तिला उर्मट म्हणालो. तिने अर्ज फाडला नाही, नीट घडी घालून टेबलावर ठेवला आणि अभ्यासाला बसली. ती डॉक्टर झाली. तिची मैत्रीण, एका पोलिश सुताराची मुलगी, त्याच वर्षी कंपनीत गेली आणि पुढे तिथे लेफ्टनंट झाली.

आमच्या घराघरातून असे किती अर्ज घडी घालून टेबलावर ठेवले गेले असतील? १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात सुमारे तीन लाख स्वयंसेवक होते. राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने २०१८ साली अहवाल दिला तेव्हा तो आकडा ३८,००० च्या आसपास आला होता. आता हे सगळे आपल्यामुळे झाले असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. घरातली दोन्ही माणसे नोकरीला जातात. नोकरी तासाभराच्या अंतरावर असते. गावातले दुकान बंद पडून तिथला दुकानदार, जो भोंगा वाजताच गल्ला बंद करून पळत असे, तो नाहीसा झाला. प्राथमिक शिक्षणालाच आता दीडशे तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो आणि ते योग्यच आहे, कारण हल्लीच्या घरांतले फोम आणि प्लॅस्टिक जुन्या लाकडापेक्षा कितीतरी झपाट्याने पेटते. घरांच्या किमती अशा भडकल्या की नळवाल्याचा मुलगा आता त्या गावात राहूच शकत नाही. आणि त्याने सोडलेले घर कोणी घेतले? आपण घेतले. घर घेतले, अंगण घेतले, झाडे घेतली, शाळा घेतली. त्या घराबरोबर येणारी बादली तेवढी आपण घेतली नाही. तेच माझे म्हणणे आहे.

याच्या जोडीला आपली फोडणी. आमच्या कंपनीला येणाऱ्या वर्द्यांत खऱ्या आगी थोड्या. यंत्राने उगीच घातलेल्या हाकाच फार. मोहरी तडतडली, मिरची करपली की छतावरची घंटा वाजते, बंब निघतो, आणि कोणीतरी जेवणावरून उठून वीस-बावीस किलोचा पोशाख चढवून आपल्या दारात येतो. आपण हसून ‘सॉरी, इंडियन कुकिंग’ असे म्हणतो. तोही हसतो. त्याचे जेवण घरी गार होत असते.

मायदेशी आलो की हे सगळे मी सांगतो, तेव्हा मंडळी म्हणतात, तुमच्याकडे ठीक आहे हो, आमच्याकडे सरकारी दल आहे. आहे खरे. पण २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने इमारतीतली आग रोखण्याची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यावर टाकली आहे, दलावर नव्हे. मागच्या खेपेला एका सोसायटीत जिन्यातली नळीची लाल पेटी मी उघडून पाहिली. आत केरसुणी, रंगाचे डबे आणि कोणाची तरी सायकलची पंप. नळी कुठे आहे, असे विचारले तर चिटणीसांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या तिजोरीची किल्ली मागितली. आमच्या लहानपणी थिएटरच्या भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत आणि त्यांत पानाच्या पिचकाऱ्या नि विडीची थोटके असत. केरसुणी जरा स्वच्छ, एवढीच प्रगती.

असो. मी स्वतः काय केले ते सांगून टाकतो, नाहीतर वाचक विचारतीलच. २०१२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी सोमवारी संध्याकाळी बंबखान्यात गेलो. गुडघे गेलेले, रक्तदाब वर. आत शिरायला मला कोण घेणार? त्यांनी मला ‘फायर पोलीस’ केले. आमच्या राज्यात ही एक जुनी सोय आहे: आग विझवणे चालू असताना चौकात उभे राहून वाहतूक वळवायची, म्हणजे नळीवरून कोणी मोटार नेत नाही आणि काम करणाऱ्यांना कोणी उडवत नाही. अंगात चमकता जाकीट, हातात लाल दिवा. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे रस्त्यावरचा शिपाई झालास.” मग थोडे थांबून म्हणाली, “बरं केलंस.” तो नळवाला तेव्हा सत्तरीला आला होता आणि अजून बंब चालवीत होता. मी त्याला त्या चकल्यांची आठवण दिली. त्याला आग आठवत नव्हती, चकल्या आठवत होत्या.

गेल्या साली दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी वर्दी आली. पाऊस पडत होता. एका घराच्या तळघरातून धूर येत होता. आत कोणी अडकलेले नसेल तर शिस्त अशी की दोघे आत जातात तेव्हा दोघे बाहेर तयार उभे असले पाहिजेत. म्हणजे चार माणसे हवीत. बंबावर तीन आली होती. शेजारच्या गावची कंपनी निघाली होती, पण तिला आणखी सात-आठ मिनिटे होती. तिघे नळी भरून अंगणात उभे होते, धुराकडे पाहत. घरातली माणसे समोरच्या फुटपाथवर पांघरुणे घेऊन उभी होती आणि तिघांकडे पाहत होती.

मी चौकात दिवा हलवीत होतो. एक मोटार माझ्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली. आमच्या मंडळातलेच एक स्नेही, चाळिशीचे, व्यायामाने कमावलेले शरीर, रेशमी झब्बा. शेजारी वहिनी, मागे मुले, आणि मांडीवर लाडवांचा डबा.

“अहो काका, तुम्ही इथे? पावसात? काय झालंय?”

मी सांगितले.

“अरेरे. पण रस्ता कधी उघडेल? सातला दिवाळीचा कार्यक्रम सुरू होतोय, धाकटीचा नाच आहे.”

मी म्हणालो, डावीकडे वळा, चर्चवरून पुढे जा, दहा मिनिटे जास्त लागतील. माझ्या जाकिटाच्या खिशात नेहमी दोन-तीन कोरे अर्ज असतात. त्यांतला एक काढून मी खिडकीतून आत दिला. तो ओला झाला होता. त्यांनी तो घेतला, वाचला, हसले, आणि आरशापाशी समोर ठेवला. मागच्या बाकावरून थोरला मुलगा, पंधरा-सोळाचा असेल, मान पुढे काढून विचारीत होता, “काय आहे ते, बाबा?”

काच वर गेली. मोटार डावीकडे वळली.